नऊ एकर, पडीक नाही

२००७ सालच्या अक्तीला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, सकाळी दहाच्या सुमारास काकूंनी माझ्या हातात शेताच्या खर्चासाठी अठरा हजार रुपये ठेवले. हजर होतो आम्ही पाच जण: काकू, नागपूरहून आलेला त्यांचा पुतण्या, त्यांचं शेत अधियाने म्हणजे अर्ध्या वाट्याने करणारं नवराबायकोचं जोडपं, आणि मी. जागा म्हणजे शेतावरच्या दोन खोल्यांच्या घराची ओसरी, रायपूरपासून सत्तावीस किलोमीटर. मी नोटा दोनदा मोजल्या. पुतण्या हसला. काकू हसल्या नाहीत. "मोजू दे त्याले," त्या म्हणाल्या, "म्हणून तर त्याले देऊन राहिली."

काकू माझ्या नात्याच्या नव्हेत. रायपूरच्या आमच्या पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात, आमच्या खालच्या मजल्यावर त्या पंधरा वर्षं भाड्याने राहत होत्या. त्यांच्या सासरची मंडळी भोसल्यांच्या वेळेला इकडे आली, तेव्हाच्या मोठ्या जमिनीतून वाटण्या होत होत नऊ एकर उरली होती. काकूंचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, शहरातलं घर दिराच्या आजारपणात विकलं गेलं. नऊ एकरांचं धान आणि त्याचे पैसे यावर त्यांचं चालायचं. आता अमरावतीच्या धाकट्या बहिणीला अर्धांगवायूचा झटका आला होता. बहिणीचे दोन्ही मुलगे परदेशी. काकू सहा महिन्यांसाठी निघाल्या होत्या.

जमीन कागदावर काकूंची आणि पुतण्याची सामायिक होती. पुतण्या वाईट माणूस नव्हता; त्याने त्या दिवशी जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगितलं.

"काकू, मी साफ बोलतो. नवी राजधानी इकडेच येऊन राहिली. भाव चढून राहिले. तरी मी थांबतो. जोवर शेत पिकून राहिलं, तोवर विकायचं नाव घेणार नाही. पण ज्या वर्षी पडीक राहिलं, त्या वर्षी तुम्ही सही करायची."

"करीन," काकू म्हणाल्या.

पुतण्या विहिरीकडे गेल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "मले परत यायला दुसरी जागा नाही रे. बहिणीचं घर तिच्या पोट्ट्यांचं. शहरातली खोली आज सोडून राहिली. हे शेत पिकलं पाहिजे, बस."

मी होय म्हटलं. नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. माझ्या मुलीच्या जन्मानंतर माझी बायको सव्वा महिना तापाने अंथरुणात होती. आमचं इथे कोणी नव्हतं. काकू रोज दोन वेळा जेवणाचा डबा घेऊन जिना चढायच्या, आणि एकदाही "काही लागतं का" असं विचारलं नाही. लागतं हे त्यांना माहीत होतं. सरकारी खात्यात लेखापाल म्हणून मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे सांभाळले आहेत. शेत मात्र मी तोवर बसच्या खिडकीतूनच पाहिलं होतं.

त्याच दिवशी काकूंनी मला गावच्या देवाकडे नेलं. छत्तीसगढात अक्तीला शेतीचं वर्ष सुरू होतं. प्रत्येक घरातून पळसाच्या पानाचा एक दोना धानाने भरून देवाच्या झाडाखाली नेतात. गावचा पुजारी सगळं धान एकत्र करतो आणि त्यातलं मूठ-मूठ परत देतो. तेच पहिलं बी. ज्या घराचं शेत, त्या घराचा दोना. काकूंनी आपला दोना माझ्या हातात दिला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की यापुढे आमच्या घराचा दोना हा बाबू आणेल. लोकांनी माझ्या चकचकीत बुटांकडे पाहिलं आणि "हव" म्हटलं. हव म्हणजे होय.

सहा महिन्यांची पावणेतीन वर्षं झाली. बहीण बरीही झाली नाही आणि गेलीही नाही. काकू दर रविवारी सकाळी फोन करायच्या, मी आठवड्याची हकीकत सांगायचो, त्या "बरं" म्हणायच्या.

दर दुसऱ्या रविवारी मी स्कूटरवरून शेतावर जायचो. वाटेत एकेक करून मोठाले रुंद रस्ते आखले जात होते, ज्यांच्यावर अजून कोणी जात नव्हतं. चौकात जमिनीचे दलाल गाडीची काच खाली करून विचारायचे, "भैया, इधर किसका है?" मी म्हणायचो, "बोया हुआ है." ते काच वर करायचे.

अधियाने करणारी बाई तिशीतली होती, सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला तिखट. मी तिला बहिनी म्हणत असे, ती मला बाबू. तिचा नवरा कमी बोलायचा, काम जास्त करायचा. घरात दोन रेड्यांची जोडी होती आणि एक शाळेत जाणारी मुलगी. खर्च अर्धा काकूंचा, अर्धा त्यांचा. पीक अर्धं त्यांचं, अर्धं काकूंचं. पहिल्या वर्षी मी विचारलेल्या प्रश्नांनी त्यांचा जीव मेटाकुटीला आला असणार. शेणखताच्या गाड्या मी मोजल्या. गाडी किती भरलेली हे कसं मोजायचं यावर आमची अर्धी दुपार गेली.

"बाबू, गोबर का भी हिसाब?" बहिनी म्हणाली.

"सबका."

"तो फिर भैंसा का पूछो, वही देता है."

तिचा नवरा मान फिरवून हसला. मी पण हसलो, आणि गाड्या मोजणं चालूच ठेवलं.

पहिल्या श्रावणात मात्र मी घाबरलो. गुडघ्याला लागेल एवढं हिरवंगार धान उभं, बांधांच्या आत पाणी भरलेलं, आणि बहिनीचा नवरा त्या उभ्या पिकातून नांगर चालवत होता. मी स्कूटर तशीच टाकून धावलो. त्यांनी मला समजावलं. इकडे बी विस्कटून पेरतात. ते दाट उगवतं, तण त्याच्याबरोबर वाढतं. महिनाभराने शेतात वीतभर पाणी साचलं की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात. तण उपटलं जातं, रोपं विरळ होतात, जी दबली ती चार दिवसांत परत उठतात. त्याला बियासी म्हणतात. पाणी आहे तेवढ्या आठ-दहा दिवसांतच ती करावी लागते. पाणी उतरलं की संधी गेली आणि मग शेतात धान कमी, करगा जास्त. करगा म्हणजे धानासारखंच दिसणारं रान-धान. दाणा पिकण्याआधीच गळून पडतो. त्या संध्याकाळी फोनवर मी काकूंना हे सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या. आजारी बहिणीच्या घरात त्या हसल्या, याचं मला बरं वाटलं.

दोन वर्षं नीट गेली. मळणीच्या वेळी मी खळ्यावर असायचो. धान लाकडी मापाने मोजतात. पहिल्या मापाला "एक" न म्हणता "राम" म्हणतात, मग दोन, तीन. माझे आजोबा यवतमाळकडे ज्वारी मोजताना पहिल्या मापाला "लाभ" म्हणायचे. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत तेच ऐकून मी उगाच खूश झालो. घरी खायला आणि बियाण्याला ठेवून बाकीचं धान सरकारी खरेदीच्या सोसायटीत काकूंच्या नावावर विकलं जाई, आणि पौषातल्या पौर्णिमेला, छेरछेरा सणाला, मी बहिनीच्या नवऱ्याला त्याचा अर्धा वाटा मोजून देत असे. इकडे शेतकामाचं वर्ष त्या सणाला मिटतं.

२००९ च्या चैत्रात एका रविवारी तो नवरा आपणहून माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा साडू उरल्याला, म्हणजे रायपूरजवळच्या कारखान्यांच्या भागात, एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे लागला होता. तिथे जागा होती.

"बाबू, आप हिसाब करके बताओ. जाऊँ कि न जाऊँ?"

मुलीला पुढे शहरात शिकवायचं त्यांच्या मनात होतं, हे मला ठाऊक होतं. मी विचार करायला आठ दिवस मागितले. घरी बसून तीन रीतीने आकडे मांडले. दोघं शेतावर राहिले तर वर्षाला त्यांच्या हाती एकतीस हजार. दोघं उरल्याला गेले, तिथे खोली घेतली, दोघांनी मजुरी केली, तर खर्च जाऊन तीस हजार दोनशे चाळीस. म्हणजे गेल्यापेक्षा राहिलेलं बरं. इथे मी थांबलो असतो तर काकूंचं शेत सुरक्षित होतं आणि मी खोटं काहीच बोललो नसतो. पण तिसरी रीत उरत होती: तो एकटा उरल्याला, ती शेतावर. ट्रॅक्टरचं, नांगराच्या मजुरीचं भाडं धरूनसुद्धा तिच्या वाट्याला शेतातून साडेतेवीस हजार राहत होते, आणि दोघांचे मिळून सत्तेचाळीस हजार सातशे चाळीस.

पुढच्या रविवारी मी तिन्ही वाचून दाखवले. बहिनी चुलीपासून म्हणाली, "तीसरा वाला."

"अउ नांगर कोन धरही?" त्याने विचारलं. नांगर कोण धरणार?

त्या गावात बाई शेतातलं सगळं काम करते, पेरते, निंदते, कापते, डोक्यावर भारे वाहते, पण नांगराला हात लावत नाही. लावला तर पाऊस जातो, असं मानतात. ते खरं की खोटं हा प्रश्न नव्हता. ज्या वर्षी पाऊस कमी पडेल त्या वर्षी सगळं गाव तिच्याकडे पाहील, एवढं पुरेसं होतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, विळी बाजूला सारून म्हणाली, "तिसरी ओळ काहून वाचली तुम्ही? कोणी विचारली होती?"

"हिसाब मागितला होता त्याने."

"काकूनं शेत सांभाळाले दिलं होतं, कां त्याले उरल्याले पाठवाले?"

"त्याचं पण आयुष्य आहे ना."

"मग आता तुम्हीच धरा नांगर." ती परत चिरायला लागली. आमचा मुलगा टीव्हीसमोरून म्हणाला, "पापा खेत में! फोटो तो लेना पड़ेगा."

वैशाखात तो उरल्याला गेला. काकूंना मी फोनवर सगळं सांगितलं, तिन्ही आकडे धरून. मग त्या म्हणाल्या, "त्याले नाही म्हटलं असतं तर मले बरं वाटलं नसतं." आणि पुढे, "पण या वर्षी कसं होईल रे?" असं त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं. तोवर त्या फक्त "बरं" म्हणायच्या.

पुतण्याला कुठून तरी कळलंच. "मग यंदा पडीक ना?" तो फोनवर म्हणाला. आवाजात कुत्सितपणा नव्हता, त्याच्या मुलाच्या कॉलेजची फी होती. मी म्हटलं, "अजून नाही."

पहिली पेरणी ट्रॅक्टरने झाली. त्यावर गावात दोन दिवस वाद चालला की ट्रॅक्टर हा नांगर धरायचा की नाही, कारण भाड्याने बोलावणारी बाई होती. शेवटी ट्रॅक्टरवाला पुरुष आहे आणि इंजिनाला सुतक-विटाळ नसतो, यावर मिटलं. बी उगवलं. आषाढ बरा गेला. श्रावणात तीन दिवस झड लागली आणि शेतं भरली.

आता बियासी. इथे ट्रॅक्टर उपयोगाचा नाही. उभं पीक तुडवून चिखलात बसतो. रेडे आपल्या गोठ्यात उभे, नांगर भिंतीला टेकलेला, पाणी वीतभर. आणि धरणारा नाही. मी मजुरीचे पैसे ठरवूनच ठेवले होते, नऊ एकरांना सहा हजार, चालू दरापेक्षा थोडे जास्तच. पण त्या आठ-दहा दिवसांत गावातला प्रत्येक नांगर आपापल्या शेतात असतो. मी सहाचे आठ हजार म्हटलं, तरी लोक म्हणाले, "पानी उतर जाही बाबू, हमर कब होही?" पाणी उतरेल, मग आमचं कधी होणार? त्यांचं बरोबर होतं. उरल्याच्या ठेकेदाराने बहिनीच्या नवऱ्याला सुट्टी नाकारली. गेलास तर परत येऊ नकोस, म्हणाला.

बुधवारी बहिनीचा फोन आला. शेजारच्या दुकानातून बोलत होती. "बाबू, पानी दू अंगुर उतर गे हे." दोन बोटं पाणी उतरलं. पुढे म्हणाली, "मैं धर लेती हूँ. जो होगा सो होगा."

मी म्हटलं, "नको. मी येतो."

गुरुवारी मी रजा टाकली आणि सकाळी सातला शेतावर पोचलो. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. बहिनीने रेडे जुंपून दिले, तेवढं ती करू शकत होती. मूठ मी धरली. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस, आणि हातात आजवर पेनपेक्षा जड फार काही धरलेलं नव्हतं. नांगर एक तर खाली जाऊन अडकायचा, नाही तर वर येऊन पाण्यावर नुसता सरकायचा. रेड्यांना माझा आवाज ओळखीचा नव्हता. मी हिंदीत बोललो, मराठीत बोललो, ते आपल्या मनाने चालले. बहिनी बांधाबांधाने बरोबर चालत त्यांना हाका देत होती.

आठच्या सुमारास बांधावर एक म्हातारा येऊन उभा राहिला. शेजारच्या शेताचा मालक. सगळं गाव त्याला सियान म्हणजे वडीलधारा म्हणायचं. छत्री मिटून तिच्यावर टेकून त्याने बराच वेळ पाहिलं.

"ये नांगर ए बाबू," तो म्हणाला, "साइकिल नो हे." सायकल नव्हे.

मला बोलायला श्वास नव्हता. त्याच्याजवळ आणखी दोघं-तिघं जमले.

"देख, देख, कइसे साँप असन चलत हे!" एक जण म्हणाला. सापासारखा चालवतोय.

सियानने नीट निरखलं आणि एकदम ओरडला, "अरे! ये तो धान ला बचा-बचा के चलात हे!"

आणि ते खरं होतं. मला कळलंही नव्हतं. प्रत्येक रोप दिसलं की मी नांगर बाजूला घेत होतो. इतकं हिरवं रोप, त्यावरून लोखंड कसं न्यायचं? त्यामुळे तासही वाकडं जात होतं आणि तणही तसंच राहत होतं. बांधावर हशा पिकला. बहिनी पदर तोंडाला लावून पाठ फिरवून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. एक जण म्हणाला, "बाबू, एक-एक ठन के नाव लिख ले, फेर चला!" एकेका रोपाचं नाव लिहून घे, मग चालव.

दुपारी बारापर्यंत माझा पाव एकरही झाला नव्हता. दोन्ही तळहातांना फोड आले होते. मी नांगराच्या एका तासाच्या शेवटी थांबलो, तर सियान चपला काढून पाण्यात उतरलेला होता. माझ्याजवळ येऊन त्याने मूठ माझ्या हातातून घेतली. "छोड़ गा. भैंसा मन ला घलो लाज लागत हे." रेड्यांनासुद्धा लाज वाटतेय, म्हणे.

मी म्हटलं, "सियान, आपका खेत?"

"मोर बेटा हे उहाँ." तिथे त्याचा मुलगा होता. मग रेड्यांना हाक देण्याआधी विचारलं, "तैं अक्ती म दोना लाने रहे न?" अक्तीला दोना तूच आणला होतास ना?

"हव."

"त."

मग झालं तर, एवढंच बोलून तो पुढे गेला. सरळ. रोपं दबत होती, पाणी गढूळ होत होतं, तण मुळासकट वर येत होतं. मी बांधावर बसून पाहत राहिलो. संध्याकाळपर्यंत त्याने दीड एकर काढलं.

शुक्रवारी सकाळी गोठ्यापाशी आणखी चार नांगर उभे होते, चार घरांचे. कोणी बोलावलं मला माहीत नाही. बहिनीलाही माहीत नव्हतं, किंवा तिने सांगितलं नाही. पाच नांगर शेतात एकामागे एक तिरके चालले की वेगळंच दिसतं. शनिवारी दुपारी दोनला शेवटचा तुकडा झाला. बहिनीने आणि तिच्या मुलीने दोन्ही दिवस भात, उडदाची डाळ आणि आमसुलासारख्या आंबट भाजीचा रस्सा वाढला. मी वाढायला मदत केली, तेवढं मला जमत होतं.

जेवणं झाल्यावर मी सहा हजार रुपये काढले. पाचांत वाटून देणार होतो, सियानचा एक दिवस जास्त धरून. सियानने हात मागे घेतला. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहून मागे घेतले.

"पइसा वाला नांगर आन होथे बाबू," तो म्हणाला. पैशाचा नांगर वेगळा असतो.

"मग मी हे लिहू काय?" मी जवळजवळ चिडून विचारलं. काम झालंय, रक्कम नाही, अशी नोंद मी आजवर केलेली नव्हती.

"झन लिख," बहिनी म्हणाली. लिहू नका. "मैं जाहूँ ना इनके घर. निंदाई में." निंदणीला ती त्यांच्या शेतांत जाणार होती, आणि गेलीही, पंधरवडाभर. माझ्या वाटचं काय, ते मी पुढेही कधी ठरवू शकलो नाही. सहा हजार मी परत आणून बँकेत भरले. रात्री बायकोने माझ्या हातांना हळद-तेल लावलं. या वेळी तिने टोमणा मारला नाही. "दुखून राहिलं?" एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी शेतावर न्यायला पाच घरांसाठी करंज्या केल्या.

काकूंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या रडल्या. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना ऐकलं. त्यांनी प्रत्येकाचं नाव विचारलं, कोणत्या घराचा, कोणाचा मुलगा. मला दोघांची नावं सांगता आली नाहीत. त्यांनी वर्णनावरून ओळखली.

अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, पुतण्या आला. न सांगता, मोटार घेऊन, बरोबर एक पांढऱ्या बुटांचा माणूस. खळ्यावर तेव्हा मळलेल्या धानाची रास उभी होती आणि मोजणी चालली होती. पुतण्याने राशीकडे पाहिलं, मग शेताकडे, जिथे कापलेल्या धानाचे खुंट ओळीने दिसत होते. बरोबरच्या माणसाला तो म्हणाला, "आप गाडी में बैठिए." मग माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. मोजणी संपेपर्यंत बसला. अठ्ठ्याहत्तर क्विंटल भरलं.

"गेल्या वर्षी किती होतं?"

"चौऱ्याऐंशी."

"सहाच कमी," तो म्हणाला. जरा वेळाने उठत, "मी शब्दाचा माणूस आहो. काकूले सांगा." जाताना त्याने राशीतलं मूठभर धान उचललं, हुंगलं आणि परत राशीवर टाकलं. त्याचे वडील इथे वाढले होते, हे मला तेव्हा आठवलं.

त्याच महिन्यात काकूंची बहीण गेली. तेरावं करून काकू दोन पिशव्या आणि एक ट्रंक घेऊन परतल्या. मी स्टेशनवर गेलो होतो. त्या बारीक झाल्या होत्या, केस सगळे पांढरे. शहरात आमच्याकडे दोन दिवस राहा म्हटलं, तर म्हणाल्या, "नाही रे, मले तिकडेच ने." शेतावर पोचल्यावर बहिनीने पाय धुवायला पाणी दिलं. काकू आधी घरात गेल्या नाहीत. बांधावरून चालत शेवटच्या टोकापर्यंत गेल्या, खुंट पायांना टोचत होते तरी. परत येऊन ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेव ग."

छेरछेऱ्याला हिशेब मिटवायला बसलो. गावातली पोरं घरोघर धान मागत फिरत होती. काकू सुपातून ओंजळ-ओंजळ घालत होत्या आणि मधूनच आत येऊन बसत होत्या. बहिनीचा नवरा उरल्याहून एका दिवसासाठी आला होता, नवीन स्वेटर घालून. मी आकडे वाचले. घरचं खाण्याचं आणि बियाणं ठेवून बाकी धान विकलं, त्याचे सदुसष्ट हजार तीनशे आले. अर्धे तेहतीस हजार सहाशे पन्नास. त्यातून अर्धा खर्च सात हजार एकशे पन्नास वजा. मी चैत्रात साडेतेवीस हजार धरले होते, त्यापेक्षा तीन हजार जास्त निघत होते. नांगरांचे जे सहा हजार कोणी घेतले नाहीत, त्यांचे हे अर्धे. ते कोणाचे, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मी तोही आकडा वाचला.

काकूंनी मला माझ्या पावणेतीन वर्षांचं काही घ्यायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी तांदळाचं एक पोतं स्कूटरवर बांधायला लावलं, आणि याबाबतीत माझं ऐकून घेतलं नाही. पाच नांगरांबद्दल त्या म्हणाल्या, "सियानच्या नातीचं लग्न आहे माघात. मी जाईन, चार दिवस राहीन. ते माझ्यावर सोड."

राहिला एकच प्रश्न. वाटा आजवर मी नवऱ्याच्या हातात देत होतो. मी त्याच्याकडे पाहिलं. तो आपल्या स्वेटरच्या बाहीकडे पाहत होता.

"मैं तो उरला का हो गया," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसला. "लिखो इसी के नाम."

बहिनीने मागच्या आठवड्यातच गावाजवळच्या बँकेत खातं उघडलं होतं. ओळख म्हणून सही माझीच होती. काकूंनी चष्मा लावला, चेकबुक मांडीवर घेतलं आणि हळूहळू लिहिलं. रुपये सव्वीस हजार पाचशे फक्त. घेणार म्हणून नाव बहिनीचं.